चालेल म्हणालो मी

परदेशातून आलेला खेळाडू आमच्या क्लबात सगळ्यात आधी माझ्या टेबलावर येतो. विमानतळावरून त्याला फ्लॅटवर नेत नाहीत, जेवलास का विचारत नाहीत. बॅगा व्हॅनमध्येच ठेवून त्याला माझ्या खोलीत आणतात आणि मी त्याला पालथा झोपवून घोटे, गुडघे, कंबर, खांदे दाबून बघतो. जुनी गाडी घेताना माणसं बॉनेट उघडून बघतात, टायरला लाथ मारतात, तसंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात शिकलो, नोकरीचा मोठा भाग दोह्यात गेला. हे काम इतकी वर्षं केलं, की त्यात काही ओंगळ आहे हे मला दिसेनासं झालं होतं. ते दाखवलं त्या मोसमात आलेल्या एका खेळाडूने. तपासणी झाल्यावर तो टेबलावर उठून बसला, मोठा आ केला आणि म्हणाला, "डॉक, दात बघायचे राहिले."

आमचा टीम मॅनेजर खो खो हसला. मीही हसलो. आज त्या हसण्याचाही मला राग येतो.

तो अमेरिकन होता, पस्तिशीतला. बास्केटबॉल म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना टीव्हीवरचे कोट्यधीश आठवतात. हा त्यातला नव्हता. ज्यांना त्या मोठ्या लीगने घेतलं नाही आणि ज्यांना दुसरं काही येत नाही, अशी शेकडो उंच माणसं जगभर हिंडत असतात, त्यातला हा एक. एका देशात एक मोसम, दुसऱ्या देशात अर्धा. दोन सामने वाईट गेले की परतीचं तिकीट. त्याच्या अंगावरच्या खुणा मला टेबलावर वाचता यायच्या आणि तो प्रत्येक खुणेचा देश सांगायचा. भुवईवरचे टाके फिलिपिन्सचे, वाकडी करंगळी लेबनॉनची, गुडघ्यावरची रेघ तुर्कस्तानची. "मला दहा भाषांत 'पाणी' म्हणता येतं आणि दहा भाषांत 'दुखतंय' म्हणता येतं," तो एकदा म्हणाला. "पाणी सगळीकडे मिळालं."

अशा खेळाडूला या धंद्यात 'इम्पोर्ट' म्हणतात. तांदळाच्या पोत्याला म्हणावं तसं. "आपला इम्पोर्ट आला का?" "इम्पोर्टला नाश्ता दिला का?" असले इम्पोर्ट संघात मोजकेच ठेवता येतात, म्हणून जो असेल त्याने रोज खेळायचं, सगळ्यात जास्त खेळायचं. तो मोडला तर त्याला ठेवून जागा अडवायची नसते. नवीन मागवायचा असतो. हे मला माहीत होतं. मी ते अनेकदा होताना पाहिलं होतं आणि घरी येऊन निवांत जेवलो होतो.

क्लबाने त्याला अल अझीझियात फ्लॅट दिला, आमच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एकटा माणूस, म्हणून मी त्याला घरी जेवायला बोलावलं. आमच्या डायनिंगच्या खुर्चीत त्याचे गुडघे टेबलाखाली जाईनात, तेव्हा तो सरळ जमिनीवर मांडी घालून बसला. बायकोला आधी संकोच वाटला, मग आवडायला लागलं. ती त्याच्यासाठी थालीपिठं लावायची आणि ताटाशी उभी राहून मला म्हणायची, "अहो, विचारा ना त्यांना, अजून एक वाढू का?" त्याला विचारायची गरज नसे. तो हात आडवा धरून म्हणायचा, "बास, बास." अरबीतही पुरे झालं की 'बस' म्हणतात. एकाच शब्दाने मैदानावर आणि आमच्या ताटावर काम भागतं याचा त्याला केवढा आनंद. माझी मुलगी, जी आमच्याशीही इंग्रजीतच बोलते, ती त्याला मुद्दाम मराठी शब्द शिकवायची. मला वाटायचं, हा माणूस आमचा आहे. क्लबाचा नव्हे, आमचा. या वाटण्याचा उपयोग मी पुढे काय केला ते सांगतो.

त्यालाही मुलगी होती. फ्रान्समधल्या एका लहान गावात, तिच्या आईजवळ. त्या गावात तो कधीकाळी एक मोसम खेळला होता, तेव्हाचं ते लग्न, तेव्हाचीच ती मुलगी. लग्न टिकलं नाही. तो देश बदलत राहिला आणि मुलगी फोनच्या पडद्यावर मोठी होत राहिली. आता त्याच गावच्या क्लबाने, म्हणजे खालच्या दर्जाच्या एका छोट्या संघाने, त्याला कळवलं होतं की उन्हाळ्यानंतर ये, पाय शाबूत असले तर दोन मोसम खेळ, मग मुलांना शिकव. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच असं कुणी बोलावलं होतं, जिथे त्याला खरोखर जायचं होतं. "ही शेवटची बॅग, डॉक," तो म्हणायचा. "तिथे गेलो की मी कपाट विकत घेणार. मोठं लाकडी. उचलता येणार नाही असं."

म्हणजे त्याला दोह्यात फक्त मोसम पुरा करायचा होता आणि दोन पायांवर इथून निघायचं होतं. एवढंच. हे मला माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं, मॅनेजरला माहीत होतं.

हिवाळा संपत आला तशी त्याची डावी टाच धरायला लागली. पोटरी आणि टाच जोडणारी जी जाड शीर असते, जिला आम्ही अकिलिस म्हणतो, ती सुजून तिथे गाठ आली होती. बोटांखाली ती जुन्या, पाण्यात फुगलेल्या दोरीसारखी लागत होती. त्याने काही लपवलं नाही. हे मी ठासून लिहितो, कारण पुढे याच एका गोष्टीवर सगळं फिरलं. पहिल्याच दिवशी तो माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "सकाळी बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागते. काय करू सांग. तू म्हणशील ते करतो."

मी म्हणालो, उड्या बंद, काही आठवडे विश्रांती. तो म्हणाला, ठीक. मग मी कोचकडे गेलो. कोचही परदेशीच. त्याचीही नोकरी पुढच्या निकालावर टांगलेली. त्याने माझ्याकडे न बघता फळीवर रेघा ओढत म्हटलं, "इम्पोर्ट विश्रांती घेत नसतो. त्याला खेळण्याजोगा कर." मी वाद घालायला हवा होता. मी म्हणालो, "आय विल ट्राय." कसला ट्राय? सुजलेली शीर ट्राय करून बरी होते का? तरी मी बर्फ लावला, टाचेखाली पॅड दिलं, पट्ट्या बांधल्या आणि तो खेळत राहिला, कारण मी म्हणेन ते करतो असं त्याने सांगून ठेवलं होतं.

आता मॅनेजरबद्दल. तो रत्नागिरीचा. बाप खलाशी होता, हा कोवळ्या वयात इथे आला, अरबी पाण्यासारखी बोलतो. मी त्याला भाई म्हणतो, तो मला डॉक्टर म्हणतो, आणि आम्ही एकमेकांशी मराठीच बोलतो. ऑफिसात सगळं इंग्रजीत आणि अरबीत चालतं, त्यामुळे मराठी म्हणजे आमची खासगी खोली होती. कोचसमोर उभं राहून कोचची टिंगल करायची, साहेबासमोर साहेबाची. आम्हाला त्यात फार मजा वाटायची. दोन मध्यमवयीन माणसं शाळकरी पोरांसारखी.

उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात होतो. नाशिकहून मेहुणा आला होता, त्याला केशर आणि सुकी लिंबं घ्यायची होती, आणि मी दुकानदाराशी घासाघीस करत होतो. त्या दुपारच्या सरावात आमचा अमेरिकन लंगडला होता. मी त्याला लवकर घरी पाठवलं होतं, पाय उंच ठेवून पडून राहा म्हणून सांगितलं होतं. फोन वाजला. भाई.

"कुठे आहेस रे? आवाज केवढा तिकडे."

"सूकमध्ये. बोल."

"त्याच्या पायाचं काय? उद्या कसा असेल? काय ता लवकर सांग, कोच डोक्यावर बसलाय माझ्या."

"चालेल," मी म्हणालो.

हा तो शब्द. मी नंतर स्वतःला, बायकोला, भिंतीला, सगळ्यांना सांगितलं की मला म्हणायचं होतं, उद्यापर्यंत लंगडणं थांबेल, तो नीट चालेल. पायांनी चालेल. खेळेल असं मी म्हणालोच नव्हतो. मराठीत चालेल म्हणजे चालेल, आणि चहात साखर कमी पडली तरी चालेल, तेही चालेलच. भाईने दुसरा अर्थ घेतला, यात माझा काय दोष?

दोष हा की मी ऐकलं. फोन चालूच होता. भाई मान वळवून कोचला इंग्रजीत म्हणाला, "डॉक्टर सेज ओके," आणि कोचचा आवाज आला, "गुड. यल्ला," म्हणजे चला. मी ते स्पष्ट ऐकलं. माझ्या हातात सुक्या लिंबाची पिशवी होती. "भाई, थांब, तसं नाही," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? भाईने फोन ठेवला आणि मी दुकानदाराला म्हणालो, लास्ट प्राइस सांग. मी मराठी व्याकरणाआड लपलो. दोन अर्थांच्या शब्दात एक सोय असते. ज्याला जो हवा तो घेतो आणि बोलणारा मोकळा. मला मोकळं व्हायचं होतं. कोचशी भांडायचं नव्हतं. मेहुण्यासमोर फोनवर आवाज चढवायचा नव्हता. इतकं क्षुद्र कारण होतं, आणि ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सामना उत्तरेला, मदिनत अश शमालच्या वाटेवरच्या एका हॉलमध्ये होता. बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "ते म्हणाले तू ओके दिलास."

मी म्हणालो, "कसं वाटतंय?"

"तू ओके दिलास ना? मग ओके वाटतंय."

तेव्हाही सांगता आलं असतं. बस थांबवायचीही गरज नव्हती. मी त्याला केळं दिलं.

तिसऱ्या सत्रात बॉल हातात घेऊन त्याने डाव्या पायावर जोर दिला आणि तो थांबला. पडला नाही, थांबला. मागे वळून रागाने बघितलं, कुणी लाथ मारली म्हणून. मागे कुणीच नव्हतं. ही शीर तुटते तेव्हा प्रत्येकाला असंच वाटतं, की मागून कुणीतरी मारलं. पुस्तकात असतं ते. मी धावलो, त्याला पालथा केला, पोटरी दाबली. पोटरी दाबली की पाऊल हलायला हवं. पाऊल हललं नाही. तो जमिनीला गाल लावून म्हणाला, "कुणी मारलं, डॉक?" मी पोटरी पुन्हा दाबली. मला ठाऊक असूनही पुन्हा दाबली.

सामन्यानंतर क्लबाच्या साहेबाने मला आणि भाईला बोलावलं. स्वच्छ पांढरा पेहराव, समोर खजूर, कॉफी. आवाज अतिशय सौम्य. त्याने विचारलं, या खेळाडूला आधीपासून त्रास होता का, आणि त्याने तो तुम्हाला सांगितला होता का? मी तोंड उघडायच्या आत भाई म्हणाला, "नो सर. हे लोक लपवतात. सगळेच लपवतात." साहेबाने माझ्याकडे पाहिलं. भाई कॉफीच्या कपात बघत, ओठ न हलवल्यासारखा, मराठीत पुटपुटला, "आता गप्प बस. पोरीची बारावी आहे माझ्या."

माझ्या पोरीची दहावी होती. मी गप्प बसलो. आणि आमच्या खासगी खोलीतलं ते एक वाक्य साहेबाला कळलं नाही, म्हणून मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

बाहेर आल्यावर मी भाईची कॉलर धरली. खरंच धरली, पार्किंगमध्ये, भर उन्हात. "तू खोटं बोललास!"

"आणि तू? तू काय बोललास फोनवर?"

"मी चालेल म्हणालो होतो!"

"हां मग? मी काय वेगळं सांगितलं? आता मला शब्द शिकवतोस? कोच माझ्या छातीवर उभा, आणि तू तिकडे मसाले घेतोयस. डॉक्टर कोण, तू का मी? तुला 'नाही' म्हणता येत नाही? दोनच अक्षरं आहेत."

मी कॉलर सोडली. त्याने शर्ट नीट केला आणि वर मला घरी सोडू का विचारलं. माझी गाडी कामाला टाकली होती. मी त्याच्याच गाडीतून घरी आलो.

'त्याने दुखणं लपवलं' ही बातमी एजंटांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. या धंद्यात मोडलेला पाय एक वेळ माफ असतो, पण लपवणारा खेळाडू कुणी घेत नाही. त्याच आठवड्यात नवीन इम्पोर्ट माझ्या टेबलावर पालथा पडलेला होता आणि मी त्याचे घोटे दाबत होतो.

आमच्या अमेरिकनाला विमानतळावर मीच सोडलं. शस्त्रक्रिया तो त्याच्या देशात करून घेणार होता. व्हीलचेअरमध्ये त्याचा तो अजस्र देह, प्लास्टिकच्या बुटात पाय, मांडीवर बायकोने दिलेला थालीपिठांचा डबा. चेक-इनच्या रांगेत त्याने विचारलं, "तू त्यांना नक्की काय म्हणाला होतास?"

मी सांगितलं. शब्द सांगितला, दोन्ही अर्थ सांगितले, साखरेचं उदाहरणसुद्धा दिलं. तो ऐकत राहिला. मग हसला, पण ते आमच्या घरातलं हसणं नव्हतं.

"म्हणजे तुमच्या भाषेत चालणं आणि ठीक असणं एकच?"

"तसं नाही..."

"मस्त भाषा आहे. मग आता माझं बघ. मी ठीक आहे का?" आणि त्याने व्हीलचेअरच्या चाकावर हात आपटला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी चेअर ढकलत पुढे नेली.

उन्हाळा सरत आला तेव्हा मला फ्रान्सहून फोन आला. त्या लहान गावच्या क्लबाची फिजिओ. फार नम्र बाई. आमच्यात अशी रीत आहे, खेळाडू घ्यायच्या आधी मागच्या क्लबाच्या फिजिओला खासगीत विचारायचं. ती म्हणाली, आम्हाला तो हवा आहे, गावात त्याला मानतात, शस्त्रक्रिया चांगली झाली आहे असं दिसतं. फक्त त्याने दुखापत लपवली असं ऐकलं. ते खरं आहे का?

शुक्रवारची दुपार होती. बायको आणि मुलगी झोपल्या होत्या. मी म्हणालो, "नाही. त्याने काही लपवलं नाही. पहिल्याच दिवशी मला सांगितलं." इथे थांबायला हवं होतं. पण इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं आणि मला थांबवेना. मी सांगितलं की शीर कित्येक आठवडे सुजलेली होती, की मी पट्ट्या बांधून खेळवलं, की मी ओके दिला, की साहेबासमोर गप्प बसलो. ती मधूनमधून "हो, हो" म्हणत होती. शेवटी तिने विचारलं, "आणखी काही?" आणि मी म्हणालो, उजवी टाचही तशीच व्हायला लागली होती. मोसमाच्या शेवटी मला बोटाला जाणवलं होतं.

तिने माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. मी बायकोला उठवून सांगितलं की मी सगळं खरं सांगून टाकलं. तिने डोळे चोळत विचारलं, "मग घेतील ना त्याला?" मी म्हणालो, "घेतील की. त्याचं नाव मी साफ केलं." त्या संध्याकाळी मी दोनदा चहा घेतला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही.

"तू त्यांना उजव्या पायाचं का सांगितलंस?"

"तिने विचारलं, आणखी काही..."

"ती विचारणारच! ते तिचं काम आहे! त्यांना एक गोष्ट हवी होती, मी लपवलं की नाही. एक वाक्य, डॉक. 'त्याने लपवलं नाही.' संपलं. उजवा पाय माझा मी सांभाळला असता, दोन वर्षं काढली असती, एका पायावर काढली असती! आता ते म्हणतात माणूस चांगला आहे, पण पाय दोन्ही गेलेले आहेत. आणि तुझी स्तुती करतात. तुझी!"

"मी खोटं कसं बोलणार होतो?"

"का? तेव्हा कसा बोललास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, शस्त्रक्रियेनंतर तो त्याच्या आईकडे राहत होता, तिथलं असावं.

"तुला बरं वाटलं का सांगून?" त्याने विचारलं. "खरं सांग. आता खरं बोलतोस ना तू."

"हो," मी म्हणालो.

"पुढच्या सोमवारी माझ्या मुलीची शाळा सुरू होते. तिने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलंय की तिला न्यायला तिचा बाबा येणार. आता तू जा."

त्याने फोन ठेवला. आणि मला राग आला. त्याचाच राग आला. हे मी कुणाला सांगू नये असं आहे, पण तेच खरं आहे. या कृतघ्न माणसासाठी मी नोकरी धोक्यात घातली, परक्या बाईसमोर स्वतःला उघडं केलं, आणि हा मला बोलतो? मी बंद फोन कानाला लावून हॉलभर फिरत ओरडत होतो, मराठीत, की मी खरं बोललो, पहिल्यांदा खरं बोललो, आणखी काय करायचं होतं मी, सांग ना, काय करायचं होतं?

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ लागलेलं.

"अहो, कुणावर ओरडताय?"

मी फोन खाली ठेवला.